खुशबूच्या बंदुकीचा डोळा आणि लाल बाटली

तांदळाच्या कणीएवढ्या दोन स्क्रूंपायी मला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं लागलं, हे मी आमच्या कार्यालयात कोणाला सांगितलेलं नाही. कार्यालयात ते सगळ्यांना माहीत आहे, ही गोष्ट वेगळी. पण मी सांगितलेलं नाही, आणि माणसाची इज्जत शेवटी तो स्वतः काय सांगत नाही यावरच टिकून असते.

आमची मुलगी खुशबू नेमबाज आहे. दहा मीटरवरून एअर रायफलने कागदावरच्या काळ्या गोलात छर्रे मारते. शाळेकडे अशी रायफल एकच, तीही बऱ्याच हातांतून गेलेली; स्पर्धा जवळ आली की ती सरावासाठी खुशबूकडे घरीच असायची. रायफलच्या पाठीवर मागच्या बाजूला बारीक भोकाची एक चकती असते आणि त्या भोकातून बघून नेम धरायचा असतो. त्या चकतीला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, आमच्या घरात तिला नुसतं ‘डोळा’ म्हणायचे. हा डोळा बंदुकीवर दोन बारीक स्क्रूंनी कसलेला असतो. त्याला बाजूला एक गुंडी असते, ती फिरवली की डोळा केसभर डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो. एवढं ध्यानात ठेवलं की माझी पुढची सगळी दुर्दशा नीट समजेल.

तर ते दोन स्क्रू ढिले व्हायचे. छर्रा सुटला की बंदूक बारीक हादरते, आणि थोड्या छर्ऱ्यांनंतर डोळा जागचा हलायचा. मग खुशबूने नेम कितीही नीट धरला तरी छर्रा स्वतःच्या मर्जीने जायचा. मागच्या वर्षी नागपूरच्या विभागीय स्पर्धेत ती अर्ध्या खेळापर्यंत पुढे होती आणि नंतर डोळ्याने दगा दिला. ही गोष्ट दोन हजार नऊची, आणि तेच तिच्या वयोगटातलं शेवटचं वर्ष. यंदाच्या विभागीय स्पर्धेतल्या पहिल्या तीन मुली राज्य स्पर्धेला जाणार होत्या. खुशबू उठता-बसता स्क्रू कसत होती. एकदा तर जेवता जेवता ताटावरून उठली, कसून आली आणि पुन्हा भात कालवायला लागली. ते मला बघवेना.

“सरांना सांगितलं का?” मी विचारलं.

“सांगतलं. सर म्हणते, दर दहा छर्ऱ्यांनंतर कसत जाय.”

सर म्हणजे जागेश्वर सर, शाळेचे क्रीडाशिक्षक. मूळचे कबड्डीचे. शाळेत बंदूक आली तेव्हा ते रजेवर होते आणि परत आले तेव्हा ती त्यांच्या नावावर लागलेली होती. सरकारी व्यवस्थेत बऱ्याच कलांचा प्रसार असाच झालेला आहे.

“आण इकडे. मी बघतो,” मी म्हणालो.

‘मी बघतो’ हे शब्द माझ्या तोंडून निघाले की माझी बायको अल्का उठून आधी विजेचा मुख्य खटका बंद करते. तिने तो त्या दिवशीही केला. बंदुकीला वीज लागत नाही, असं मी सांगितल्यावर म्हणाली, “तुमाले लागते ना.”

आता फुलचूरमध्ये आमच्या गल्लीत कोणी ओसरीवर बसून स्क्रूकडे एकटक बघत असेल तर त्याला एकटं सोडण्याची पद्धत नाही. पहिले आले केशोरावकाका. ते रेल्वेतून निवृत्त झालेत, आणि ज्या गोष्टीत रेल्वेचा संबंध नाही अशी गोष्ट त्यांना अजून सापडायची आहे.

“रत्नपालजी, सुताचा धागा गुंडाळा पेचाले. आमच्या लोको शेडमधी...”

धागा गुंडाळला. स्क्रू आत जाईना. जोर केला तेव्हा धागा बाहेर आला आणि स्क्रू अंगणात उडाला. तो शोधायला अर्धी गल्ली जमिनीला डोळे लावून फिरली, आणि सापडला तो केशोरावकाकांच्या चपलेखाली. समोरच्या नंदाबाई हे सगळं गहू निवडता निवडता बघत होत्या.

“नेलपालिश लाव ना बापा! माह्या चष्म्याच्या कांडीले लावली, अजून हालली नाही.”

नेलपॉलिश अल्काकडे होती, पण देताना तिने ती वाढदिवसाला आणलेली आहे याची मला आठवण करून दिली. स्क्रू मरून रंगाचे झाले. दिसायला फार देखणे दिसत होते. दुसऱ्या दिवशी खुशबू सरावाहून परतली तेव्हा ती एकच वाक्य बोलली, “बाबा, आता ढिले झाले त लवकर दिसते.”

ती हे चिडून बोलली असती तर चाललं असतं. ती समजूतदारपणे बोलली. पोरीने बापाशी समजूतदारपणे बोलावं याच्यासारखा अपमान नाही. मी त्याच पावली केशोरावकाकांना घेऊन बाजारात भैयाजींच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. वाटेत काकांना आठवलं होतं की लोको शेडमध्ये नटावर एका बाटलीतून थेंब टाकायचे आणि मग तो नट बापजन्मात हलायचा नाही.

“थ्रेडलॉक,” भैयाजी म्हणाले. त्यांनी काउंटरवर दोन बाटल्या मांडल्या. “नीला वाला और लाल वाला. नीला टाइट रखेगा, पाना लगाओ तो खुल जाएगा. छोटे पेच के लिए नीला लो. लाल वाला परमानेंट है.”

इथे मला थोडं थांबावं लागेल. आमच्या घरात निळ्या रंगाबद्दल दोन मतं असण्याचं काही कारण नाही. भिंत निळी, दार निळं, चौदा एप्रिलला माझा सदरा निळा. त्या हिशोबाने माझा हात आपोआप निळ्या बाटलीवर जायला हवा होता आणि तो गेलाही होता. पण भैयाजी ‘परमानेंट’ म्हणाले. मी रोजंदारीवर उमेदवारी केलेला माणूस आहे. माझी ऐन तारुण्यातली वर्षं ‘कायम’ हा एक शब्द ऐकण्यात गेली, आणि कायमचा आदेश हातात पडला त्याच महिन्यात माझं लग्न जमलं. अशा माणसासमोर एक ढिलं होऊ शकणारं आणि एक परमानेंट ठेवलं तर तो काय उचलणार? कोणत्याही बाबूला विचारा.

“लाल द्या,” मी म्हणालो.

“साहब, छोटे पेच में लाल...”

“लालच द्या.”

घरी आल्यावर मी अगदी शास्त्रीय पद्धतीने आधी चाचणी घेतली. कारण बाजारात बनावट माल फार. स्टीलच्या ताटलीत एक थेंब टाकला आणि वाट बघितली. थेंब ओलाच. चहा झाला, पेपर वाचून झाला, थेंब तसाच टपोरा. केशोरावकाकांनी बोट लावून वास घेतला आणि निकाल दिला, “डुप्लिकेट आहे जी. दम नाही याच्यात.”

दम नसलेल्या औषधाची मात्रा वाढवायची असते, हे आपल्याकडे कोणत्याही डॉक्टरला न विचारता सगळ्यांना माहीत असतं. मी एका स्क्रूला एक थेंब टाकायच्या ऐवजी दोन्ही स्क्रू न्हाऊ घातले. उरलेलं ओघळलं, ते पुसण्यापेक्षा आत जाऊ दिलं. मधे हात लागून बाजूची गुंडीही ओली झाली, पण तेवढीच तिलाही मजबुती, असा विचार मी केला. विचार केला हे मी कबूल करतो, कारण नंतर अल्का सारखी म्हणत होती की विचारच केला नव्हता.

सकाळी स्क्रू हलत नव्हते. मी गच्च धरून ओढलं, काकांनी ओढलं, नंदाबाईंनी ओढलं. डोळा बंदुकीशी एकजीव झाला होता. मी गल्लीत उभा राहून जो आनंद भोगला तो खुशबू गुंडी फिरवायला लागेपर्यंत टिकला.

“बाबा, हे फिरत नाही.”

“जोर लाव.”

“लावून राहिली ना मी!”

काकांनी पकड आणली. गुंडीवर दातांचे ओरखडे उमटले, पण गुंडी फिरली नाही. आणि डोळा नेमका डावीकडे सरकलेला असताना जाम झाला होता. खुशबूने शाळेच्या मैदानावर पाच छर्रे मारून बघितले तर पाचही काळ्या गोलाच्या डाव्या कडेला. आता या बंदुकीने नेम धरायचा म्हणजे जिथे मारायचं तिथे बघायचंच नाही. स्पर्धा तीन दिवसांवर होती. खुशबूने बंदूक पेटीत ठेवली, पेटी माझ्यासमोर ठेवली आणि आत निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. एक वेळ ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

जागेश्वर सर राहायला दवनीवाड्याला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पेटी स्कूटरला आडवी बांधली आणि निघालो. निदान माणूस म्हणून समोर जाऊन सांगावं, एवढाच विचार होता. विधानसभेची आचारसंहिता लागली आहे हे मला चांगलंच माहीत होतं, कारण निवडणुकीच्या ड्युटीचं माझं प्रशिक्षण त्याच आठवड्यात झालं होतं. आचारसंहितेत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, हेही माहीत होतं. पण आपल्याकडची बंदूक ही बंदूक आहे, हे मात्र माझ्या ध्यानात नव्हतं.

नाक्यावर हवालदाराने हात केला.

“कोठी जाऊन राहिले जी? पेटीत काय हाय?”

“एअर रायफल. पोरीची.”

‘रायफल’ ऐकून दुसरा शिपाईही उठून आला. “परवाना?”

“याले परवाना लागत नाही.”

“बंदुकीले परवाना लागत नाही? मंग आमी खोलीभर बंदुका जमा करून ठेवल्या, त्या का काड्या म्हणून?”

इथे मी माझं हुकमी पान टाकलं. ओळखपत्र काढलं आणि आवाज भारदस्त करून म्हणालो, “मीसुद्धा सरकारी माणूस आहे. या निवडणुकीत मतदान केंद्रावर माझीच नेमणूक आहे.”

हवालदाराचे डोळे मोठे झाले. “निवडणुकीचा माणूस बंदूक घेऊन फिरून राहिला? बसा बरं मागं.”

अशा रीतीने मी माझ्याच स्कूटरवर मागे बसून ठाण्यात पोहोचलो.

ठाण्यासमोर वाळूच्या पोत्यांची भिंत रचलेली होती. आतल्या बाकावर बकाराम नावाचे एक म्हातारे शेतकरी पोचपावतीची वाट बघत बसले होते. त्यांची रानडुकरं हाकलायची ठासणीची बंदूक नुकतीच जमा झाली होती. माझी पेटी उघडल्यावर त्यांनी वाकून बघितलं.

“हे कायचं भोक हाय?”

मी सांगितलं. ते कसं ढिलं होतं, मी काय केलं, तेही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, पण ठाण्याच्या बाकावर माणूस मोकळा होतो.

“माह्या बंदुकीले डोयाच नाही,” बकाराम म्हणाले, “मंग ढिला कायचा होईन? तुमी कायले एवढा खटाटोप केला, बापा?”

“पोरीसाठी.”

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले आणि त्यांनी मला सुपारीचं खांड दिलं.

ठाणेदार माणूस म्हणून वाईट नव्हते. पण ते कागदावर चालणारे होते आणि मीही कागदावरच चालणारा, त्यामुळे आमचं जमेना. ते म्हणाले, परवाना दाखवा. मी म्हणालो, लागत नाही. ते म्हणाले, लागत नाही असं लिहिलेलं कोणाचं तरी दाखवा. मी म्हणालो, जे लागत नाही त्याचं कोण लिहून देईल? त्यावर ते म्हणाले, “तुम्ही सरकारी नोकरीत आहात आणि मला हे विचारता?” शेवटी निवडणूक संपेपर्यंत बंदूक जमा, असं ठरलं. निवडणूक स्पर्धेनंतर होती.

मी घरी फोन केला. थोड्या वेळाने अल्का आणि खुशबू ऑटोने आल्या. पाठोपाठ जागेश्वर सर मोटारसायकलवर, शाळेचा शिक्का मारलेलं पत्र घेऊन आले. ते पत्र ठाणेदारांनी दोनदा वाचलं आणि पेटीकडे संशयाने बघितलं.

“ही खेळण्यातली आहे म्हणता. हिने माणूस मरत नाही कशावरून?”

मी तोंड उघडणार होतो, पण अल्काने माझा दंड धरला. खुशबूच पुढे झाली. माझ्या मागे लपणारी पोर ती, ठाणेदारांच्या टेबलासमोर उभी राहिली. “सर, मी मारून दाखवते. कागदाच्या पलीकडं काही जात नाही.”

वाळूच्या पोत्यावर निशाण्याचा कागद लावला. ठाण्यातले सगळे अंगणात आले, बकारामही आले. खुशबूने अंतर मोजलं, पाय रोवले, डोळ्याला डोळा लावला आणि सावकाश पाच छर्रे मारले. प्रत्येक छर्ऱ्याचा आवाज कोणी खाकरल्यासारखा आला. हवालदार कागद घेऊन आला. काळ्या गोलाच्या मधोमध काहीच नव्हतं. डाव्या कडेला एकच भोक होतं.

“पोरीचा नेम काही खास नाही,” हवालदार म्हणाला. “चार त कोठी गेले, दिसतच नाही.”

खुशबूने कागद त्याच्या हातातून घेतला, उन्हात धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून, दोन दिवसांत पहिल्यांदा, ओरडली, “बाबा! पाचही एकाच भोकात हायेत!”

मला समजायला थोडा वेळ लागला. मैदानावरही छर्रे डावीकडेच गेले होते, पण रागाच्या भरात ते किती जवळजवळ आहेत हे तिने बघितलंच नव्हतं. डोळा तसूभर हलत नव्हता. बंदूक चुकत होती, पण प्रत्येक वेळी तेवढीच आणि तिकडेच चुकत होती. गुंडी तेवढी सुटली तर हे भोक जसंच्या तसं उचलून मधोमध आणता येणार होतं. ठाणेदारांनी कागद बघितला, पोत्यावरचा न फाटलेला गोणपाट बघितला आणि रजिस्टरमध्ये ‘खेळाचे साहित्य, परत दिले’ असं लिहून सरांची सही घेतली. “जा बेटा, मारून ये,” ते म्हणाले. मला मात्र त्यांनी निवडणुकीच्या दिवशी बंदूक आणू नका, असं बजावलं.

ठाण्यातून आम्ही थेट भैयाजींकडे. मी ताटलीतल्या ओल्या थेंबाची हकिकत सांगितली तेव्हा ते गल्ल्यामागे खुर्चीत मागे टेकून हसले.

“अरे साहब, ये हवा में नहीं सूखता! दो लोहे के बीच में दबेगा, हवा बंद होगी, तब जमता है. थाली में तो साल भर गीला रहेगा.”

“आणि परमानेंट म्हणजे?”

“परमानेंट मतलब जब तक गरम न करो. सोल्डरिंग आयरन लगाओ, पेच गरम होने दो, गरम-गरम में घुमाओ. छूट जाएगा.”

परमानेंटला अशी पळवाट असते हे आमच्या आस्थापना विभागातही कोणाला ठाऊक नसावं. केशोरावकाकांकडे रेडिओ दुरुस्तीची जुनी सोल्डरिंग, म्हणजे विजेवर तापणारी टोकदार सळई, होती. ती आणली, खटका चालू केला आणि वीज गेली. भारनियमन. आमच्याकडे ती रोज जायची, पण त्या दिवशी वेळापत्रकाच्या आधी गेली आणि वेळापत्रकानंतरही आली नाही. सोमवारी आली तेव्हा कमी दाबाची. बल्ब पिवळा, पंखा विचारात पडलेला, आणि सोल्डरिंग हाताला कोमटही लागेना. काकांनी ती चुलीत धरायची सूचना केली आणि नंदाबाईंनी निखारे तयारही केले. पण खुशबूने पेटी पोटाशी धरली आणि कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

मंगळवारी पहाटेच्या गाडीने आम्ही नागपूरला निघालो. सर, खुशबू, मी आणि माझ्या पिशवीत सोल्डरिंग. हॉलमध्ये पोहोचलो तर खेळाडूंना सरावाच्या छर्ऱ्यांसाठी बोलावणं सुरू झालेलं. मी प्लग शोधत होतो. भिंतीला एकच होता आणि त्यात पाण्याचा कूलर लावलेला. मी कूलर काढून सोल्डरिंग लावली.

“ओ, काय करताय?” एक पंच धावत आले.

“गरम करतोय.”

“काय?”

“बंदूक,” मी खरं ते सांगितलं. पंचांनी सरांकडे बघितलं. सर मूळचे कबड्डीचे असल्यामुळे त्यांनी पंचांना बोलण्यात असं काही अडकवून ठेवलं की ते आमच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत.

मी सोल्डरिंगचं टोक गुंडीच्या मधल्या स्क्रूवर टेकवलं. टोक स्क्रूवरून सारखं घसरत होतं. खुशबूने माझ्या मनगटाखाली आपला तळवा ठेवला, जसा ती बंदुकीखाली ठेवते, आणि टोक जागेवर राहिलं. बारीक धूर निघाला, जळका वास आला. तिने रुमालाने गुंडी धरली आणि पिळली. काही नाही. पुन्हा पिळली. आणि मग ‘खट्’ असा इवला आवाज आला. तिने माझ्याकडे बघितलं. अजून एक खट्. गुंडी फिरत होती.

“पालकांनी रेषेच्या मागे व्हा!” पंच आता मोकळे झाले होते.

मी मागे झालो. तिथून मला तिची फक्त पाठ दिसत होती. सरावाचे छर्रे मारताना ती थांबून गुंडी फिरवत होती, पुन्हा मारत होती, पुन्हा फिरवत होती. मग तिने गुंडीवरचा हात काढला. खेळ सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की मी स्क्रूंसाठी मनातल्या मनात बुद्धवंदना म्हणतो आहे. अर्धा खेळ झाला. मागच्या वर्षी इथूनच घसरण सुरू झाली होती. मी तिच्या खांद्याकडे बघत होतो, कारण डोळा हलला की तिचा खांदा आधी खाली येतो. खांदा आला नाही. शेवटचा छर्रा मारेपर्यंत तिने डोळ्याला हात लावला नाही, स्क्रूला बोट लावलं नाही.

निकाल भिंतीवर चिकटवला तेव्हा गर्दी झाली. सर उंच आहेत, त्यांनी मागूनच वाचलं आणि मला मिठी मारली. ती कबड्डीतली असल्यामुळे मला काही काळ श्वास घेता आला नाही. खुशबू तिसरी आली होती. चौथ्या मुलीपेक्षा जेमतेम एका गुणाने, पण तिसरी. मी रडलो. लपवलं नाही. एवढं सगळं झाल्यावर लपवायला माझ्याकडे शिल्लक तरी काय होतं?

“राज्य स्पर्धेला सोबत एक पालक चालतो,” सर म्हणाले. “कोणाचं नाव देऊ? आईचं देऊ का?”

त्यांनी हे माझ्यावर दया म्हणून विचारलं की बंदुकीवर, ते समजलं नाही.

“बाबा येतीन,” खुशबू म्हणाली. “पण दोनही हात खिशात ठेवून.”

मी तिथल्या तिथे दोन्ही हात खिशात घातले. त्यातला एक तिनेच बाहेर ओढला आणि त्यात बंदुकीची पेटी दिली.